सात मुलांच्या वर्गाची टक्केवारी कशी वाचावी?

प्रश्न शिरपूर तालुक्याच्या उत्तरेकडून, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून आला आहे. विचारणारे गृहस्थ तेथील जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आहेत आणि त्यांचा स्वतःचा मुलगा त्याच शाळेत दुसरीत आहे. शाळा वस्तीशाळा म्हणून सुरू झाली, पुढे नियमित प्राथमिक शाळा झाली. आज पहिली ते पाचवी मिळून पट २४ आणि शिक्षक दोन. गेल्या वर्षी तिसरीतील सहापैकी पाच मुले उतारा वाचत होती, यंदा सातपैकी तीनच वाचतात. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, बैठकीत ही ‘एका वर्षात चाळीस टक्के घसरण’ म्हणून वाचून दाखवली गेली, बातमी पाड्यावर पोचली, आणि आता रस्त्यापर्यंत येणाऱ्या इंग्रजी शाळेच्या गाडीत मुले बसवावीत असे चार घरांत बोलले जात आहे. शाळा खरोखर बिघडली आहे काय, आणि ‘आपली मुले आदिवासी, घरी पावरी बोलणारी, त्यामुळे निकाल असाच राहणार’ हे गुरुजींचे म्हणणे कितपत खरे मानावे, असे अध्यक्षांनी विचारले आहे. सातही मुलांची माहिती, नावे न घालता, त्यांनी सोबत दिली आहे, त्यामुळे मोघम उत्तर देण्याची वेळ माझ्यावर आली नाही.

भाऊ, मी आधी अक्राणी तालुक्यात शिक्षक होतो आणि पुढे धुळे जिल्ह्यात केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. अशा बैठकांत टक्केवारी वाचून दाखवणारा माणूस बरीच वर्षे मीच होतो. म्हणून या आकड्याचे पाणी किती खोल असते हे मला चांगले ठाऊक आहे.

प्रथम हिशेब पाहू. सहा मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे जवळजवळ १७ टक्के आणि सातांच्या वर्गात १४ टक्के. गेल्या वर्षीचे ८३ आणि यंदाचे ४३ यांतला फरक ऐकायला मोठा आहे, पण प्रत्यक्षात तो दोन-तीन मुलांचा आहे. समजा, तुमची शाळा दरवर्षी सारख्याच प्रतीचे काम करते आणि तिसरीत आलेले कोणतेही मूल वाचते निघण्याची शक्यता ६० टक्के आहे. एवढे धरून गणित मांडले, तर सहा मुलांच्या वर्गात पाच किंवा सहाही मुले वाचती निघण्याची शक्यता सुमारे २३ टक्के येते आणि सात मुलांच्या वर्गात तीन किंवा त्याहून कमी वाचती निघण्याची शक्यता सुमारे २९ टक्के. म्हणजे शिक्षक तेच, फळा तोच, शिकवणेही तेच असताना साधारण चार वर्षांतून एकदा तुमची शाळा केंद्रात वरच्या ओळीत झळकेल आणि तितक्याच वेळा खालच्या ओळीत जाऊन बसेल. सत्तर मुलांच्या वर्गात अशी उडी सहसा दिसत नाही, आणि दिसलीच तर तिला काही अर्थ असतो. म्हणून २४ पटाच्या शाळेची टक्केवारी काढणे हेच मुळात चुकीचे हत्यार हाती घेणे आहे. तेथे मुले एकेक करून पाहावीत.

हे मला कोणी शिकवले नाही, अंगावर आल्यावर कळले. एका वर्षी मी केंद्रातील शाळांची उतरती यादी केली आणि शेवटच्या शाळेतील बाईंना सर्वांसमोर उभे करून खुलासा मागितला. त्या काही बोलल्या नाहीत. पिशवीतून हजेरीचा कॅटलॉग काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. चौथीच्या पाच ओळींपैकी दोन ओळींत दिवाळीनंतर मार्चपर्यंत गैरहजेरीच्या खुणांची सरळ रांग होती आणि मग एकदम हजेरी सुरू झाली होती. ती दोन्ही मुले चाचणीला बसली होती, आणि माझ्या यादीत ती वर्षभर शिकलेल्या मुलांच्या पंक्तीत धरली गेली होती. त्यानंतर निकालाचा कागद मी हजेरीपत्रकाशिवाय कधी हातात घेतला नाही, आणि तुम्हीही घेऊ नये.

आता पट. कागदावरील २४ हा आकडा कोणत्या दिवसाचा आहे हे विचारले पाहिजे. संचमान्यतेसाठी, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्यासाठी, आणि युडायस या सरकारी शाळा-नोंदणीच्या माहितीसाठी वर्षानुवर्षे ३० सप्टेंबर हा दिवस धरला गेला. आपल्याकडे त्या दिवशी पाडा भरलेला असतो: ज्वारी, मका, कापूस शेतात उभा, माणसे घरी आणि मुले शाळेत. दिवाळी झाली की मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली घरे गुजरातेत ऊसतोडीला निघतात आणि बरीचशी थेट होळीला परततात. होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजाराच्या आधी हजेरी अचानक वाढते, प्रत्यक्ष बाजाराच्या दिवशी शाळा रिकामी असते, हे तुमच्या पाड्यावरचे पोरही सांगेल. वरच्या कार्यालयात मात्र वर्षभर २४ हाच आकडा असतो. तुमच्या माहितीप्रमाणे जानेवारीत वर्गात बसणारी मुले १५ होती. तुमच्या शाळेचे लोकसंख्येचे चित्र काढायचे तर ते सप्टेंबर, जानेवारी आणि एप्रिल अशा तीन दिवसांचे काढावे लागेल.

जातजमात, मुलगा-मुलगी अशा ठरावीक रकान्यांचा येथे उपयोग नाही. तुमच्याकडील २४ पैकी २३ मुले अनुसूचित जमातीची आहेत. सगळेच एका रकान्यात असतील तर तो रकाना शाळेतल्या शाळेत मुलामुलांतला कोणताही फरक समजावून देऊ शकत नाही. मुली ११ आणि मुलगे १३, त्यांतही तुलना करण्यात हशील नाही. तुमच्या मुलांत फरक पाडणाऱ्या गोष्टी निराळ्या आहेत. घर ऊसतोडीला जाते की नाही, गेले तर मूल आजीपाशी ठेवले जाते की नाही, घरात आधी कोणी शिकले आहे काय, पहिलीआधी अंगणवाडीत नियमित बसणे झाले काय, पावसाळ्यात शाळेच्या वाटेत नाला येतो काय, आणि घरात तान्हे भावंड आहे काय, या त्या गोष्टी. यांतील एकही युडायसच्या अर्जावरून कळत नाही. गुरुजींना मात्र सगळ्या पाठ असतात. वयाचा रकानादेखील जपून वाचावा. जनरल रजिस्टर उघडून पाहा, निम्म्या मुलांची जन्मतारीख १ जून निघेल. अख्खा पाडा एकाच दिवशी जन्मला नाही. नाव घालताना दाखला नव्हता आणि गुरुजींनी शाळा उघडण्याच्या सुमाराची सोयीची तारीख लिहिली, एवढेच. अशा रजिस्टरावरून मूल ‘वयाच्या मानाने मागे’ आहे असे छातीठोकपणे सांगणे धाडसाचे ठरेल.

तुम्ही दिलेल्या सात मुलांकडे येतो, कारण उत्तर तेथेच आहे. उतारा वाचणारी तीन मुले कोण? दोघे बारमाही गावातच राहणाऱ्या घरांतले, आणि तिसरी मुलगी ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली असली तरी गेली दोन वर्षे आजीपाशी राहिलेली. न वाचणाऱ्या चौघांपैकी तिघे नोव्हेंबर ते मार्च पाड्यावर नव्हते. पहिली आणि दुसरीतही ते असेच गेले होते. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे असे ठरवले आहे. तुमच्या आकड्यांप्रमाणे या तिघांना दर वर्षी १०० ते ११० दिवसच मिळाले. तीन वर्षांची बेरीज केली तर तिसरीच्या शेवटी त्यांच्या पदरात साधारण दीड वर्षाची शाळा पडली आहे. त्यांतील दोघे शब्द वाचतात, एक अक्षरांवर आहे. दीड वर्षाच्या शाळेत शब्दापर्यंत पोचणे ही माझ्या मते वाईट गती नाही. किंबहुना बारमाही शाळेत बसूनही तेथेच अडकलेली मुले मी पुष्कळ पाहिली आहेत.

उरला सातवा मुलगा. त्याची हजेरी १९२ दिवस आहे, घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर, वडील गावातच, आणि तरीही तो तिसरीच्या शेवटी अक्षरांवरच थांबला आहे. भाऊ, तुमच्या शाळेला जाब विचारायचा असेल तर तो याच मुलाबद्दल विचारला पाहिजे. चाळीस टक्क्यांच्या गोंगाटात हा एकटा मुलगा हरवला, आणि ‘आमची मुले आदिवासी’ या वाक्यातही तोच हरवतो, कारण त्याच जमातीचे, तीच बोली बोलणारे दोघे त्याच्या शेजारी बसून उतारा वाचत आहेत. स्थलांतर, भाषा आणि गरिबी ही कारणे खरी आहेत; पण ज्या मुलाला ती लागू पडतात त्याच्यापुरतीच ती वापरावीत, सगळ्या वर्गावर पांघरुणासारखी घालू नयेत. या मुलाला दिसते काय, ऐकू येते काय, तो कोठे बसतो, पहिली-दुसरीच्या जोडवर्गात त्याच्या वाट्याला शिक्षकाचा वेळ किती आला, त्याला मोठ्याने वाचायला शेवटचे कधी सांगितले गेले, हे प्रश्न गुरुजींना रागावून नव्हे, पण नेमके विचारावेत.

भाषेबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण गुरुजींच्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे. पावरी, भिली किंवा मावची बोलणाऱ्या घरातले मूल पहिलीत येते तेव्हा पाठ्यपुस्तकातील मराठी ही त्याच्यासाठी नवी भाषा असते. त्याला वाचणे आणि भाषा अशा दोन गोष्टी एकदम शिकायच्या असतात. म्हणून पहिलीच्या शेवटी ते मागे दिसणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या वर्गात पहिले सहा महिने शिक्षक मुलांच्या बोलीत बोलतात, त्यांच्या बोलीतले शब्द फळ्यावर लिहून वाचून घेतात आणि मग पुस्तकाकडे वळतात, तेथे तिसरीपर्यंत हे अंतर बरेच मिटते असा माझा अनुभव आहे. तुमचे वस्तीशाळेच्या काळातले जुने निमशिक्षक पाड्याच्याच भाषेचे होते असे तुम्ही लिहिले आहे. आताचे दोन्ही गुरुजी खालच्या भागातले, घरी अहिराणी बोलणारे आहेत. त्यांना तुमची बोली यावी यासाठी समितीने काय केले हेही विचारण्यासारखे आहे. अंगणवाडीच्या ताईंना आठवड्यातून दोनदा पहिलीच्या वर्गात तासभर बसवले तरी पुष्कळ फरक पडतो.

चाचणी घेणाऱ्याच्या कानाचाही प्रश्न असतो. तुमच्या पटावर दोन-तीन मुले अहिराणी घरांतली आहेत. अशा घरातले मूल ‘शाळा’ हा शब्द पाहून ‘शाया’ म्हणते आणि ‘डोळा’ पाहून ‘डोया’ म्हणते. बाहेरून आलेले तपासनीस याला वाचनातली चूक धरून फुली मारतात. वास्तविक त्या मुलाने ‘ळ’ ओळखला आहे आणि शब्दाचा अर्थही त्याला कळला आहे. त्याच्या आईच्या तोंडी तो शब्द जसा आहे तसा त्याने उच्चारला, इतकेच. एका शाळेत मी स्वतः अशा फुल्या पुसून पुन्हा मोजले, तेव्हा ‘अप्रगत’ ठरलेल्या पाचांपैकी दोन मुले उतारा वाचणारी निघाली होती. गंमत अशी की फुल्या मारणारे गुरुजीही घरी ‘डोया’च म्हणत असत.

लहान शाळेच्या आकड्यांत आणखी एक चोरवाट असते, ती म्हणजे निघून गेलेली मुले. तुमच्या चौथीतून यंदा दोन मुले गेली, एक निवासी शाळेत आणि एक आश्रमशाळेत. दोन्ही चांगली वाचणारी होती. आपल्याकडे असेच घडते, जे मूल लवकर वाचायला लागते त्याच्या पालकांनाच ‘याला पुढच्या शाळेत घालू’ असे सुचते. परिणामी पुढल्या वर्षी पाचवीचा निकाल खाली जाईल आणि पुन्हा घसरण म्हणून वाचला जाईल, प्रत्यक्षात ज्या शाळेने त्या दोघांना वाचते केले तिच्या खात्यावर ती जमाच व्हायला हवीत. त्यामुळे समितीच्या वहीत सोडून गेलेल्या मुलांचे एक पान ठेवा आणि जाताना मूल कोणत्या पायरीवर होते ते त्यावर लिहा.

इंग्रजी शाळा आपल्या मुलांचे जे ‘नव्वद टक्के’ सांगते, त्याबद्दल फार लिहीत नाही. ते गुण त्यांच्याच प्रश्नपत्रिकेवरचे, त्यांनीच तपासलेले आहेत, आणि तेथे फी भरू शकणाऱ्या, बारमाही गावात राहणाऱ्या घरांचीच मुले बसतात. त्यांच्या तिसरीतील मुलाला आणि तुमच्या तिसरीतील वाचणाऱ्या मुलीला एकाच ओट्यावर बसवून एकच मराठी गोष्ट वाचायला द्या. पालकांना जे कळायचे ते तेथे कळेल. राज्याच्या आणि देशाच्या पाहण्यांचे आकडेही तुमच्या शाळेवर लावू नका. २०२१ चे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण काय किंवा घरोघरी जाऊन केली जाणारी ‘असर’ची पाहणी काय, त्या नमुन्यावर आधारलेल्या आहेत आणि जिल्ह्याचे किंवा राज्याचे चित्र दाखवण्यासाठी आहेत, एखाद्या पाड्यावरच्या शाळेचा न्याय त्यांतून होत नाही. ‘असर’ची पायऱ्यांची रीत मात्र जरूर उचला: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. प्रत्येक मुलाला समोर बसवून पाच मिनिटे लागतात. जूनमध्ये, दिवाळीच्या सुटीआधी, होळीनंतर आणि एप्रिलअखेर असे चार वेळा हे करा आणि पायरीच्या शेजारी त्या काळातील हजर दिवस लिहा. मूल कोठे उभे आहे याइतकेच, किती दिवसांत किती चढले हेही दिसले पाहिजे. जे मूल १०० दिवसांत एक पायरी चढले आणि जे १९० दिवसांत जागचे हलले नाही, त्यांना एकाच ‘अप्रगत’ शिक्क्याखाली ठेवणे अन्यायाचे आहे.

ही वही गुरुजी आणि समितीचे दोन-तीन सदस्य यांच्यापुरतीच ठेवावी. २४ मुलांच्या पाड्यावर ‘तिसरीतील एक मुलगा अक्षरांवर आहे’ असे सभेत म्हटले की नाव न घेताही सर्वांना तो कळतो, आणि दुसऱ्या दिवशी नदीवर पोरे त्याला चिडवतात. सभेत शाळेबद्दल बोलावे. मुलाबद्दल बोलायचे असेल तर त्याच्या ओट्यावर जाऊन त्याच्या आईबापाशी बोलावे.

शाळा लहान आहे म्हणून बंद होईल, ही भीतीही तुमच्या प्रश्नात डोकावते. २०१७ मध्ये दहा किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा मिटवण्याचा निर्णय झाला, २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून त्यांची समूहशाळा करण्याचा विचार पुढे आला आणि त्या वेळी आपल्याच तोरणमाळचे उदाहरण दिले गेले. निवासी समूहशाळेचे काही फायदे मी मान्य करतो. पण सहा वर्षांच्या मुलासाठी राज्याच्या नियमांप्रमाणे प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, आणि आपल्या दऱ्याखोऱ्यांत पावसाळ्यात ते एक किलोमीटरही पुष्कळ असते. ६० पर्यंत पट असला तरी दोन शिक्षक ही तरतूद कायद्यातच आहे. तुमचा पट वीसच्या वर आहे. तो चार घरांच्या गडबडीत खाली जाऊ देऊ नका, एवढेच आज म्हणता येईल.

राहिले ते तिघे. त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे, जे दाखवून स्थलांतराच्या गावी शाळेत बसता यावे, पण सीमेपलीकडे शाळेचे माध्यमच गुजराती असल्याने ते कार्ड बहुतेक वेळा बापाच्या खिशातच राहते. खरा उपयोग हंगामी वसतिगृहाचा आहे, ज्यात मूल आजीआजोबांपाशी किंवा नातलगांकडे गावातच राहते आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. आजीपाशी राहिलेली तुमची ती मुलगी या उपायाचा पुरावा आहे. मात्र त्याचा प्रस्ताव दिवाळीनंतर करून चालत नाही. दसऱ्याच्या आत मुकादमाची उचल घरात आलेली असते आणि कोण कोण जाणार हे ठरलेले असते. म्हणून ऑगस्टमध्येच गुरुजींना सोबत घेऊन जाणाऱ्या घरांची यादी करा, प्रत्येक घरी आजी मूल सांभाळायला तयार आहे काय ते विचारा, आणि ती यादी ठरावासह केंद्रप्रमुखांकडे द्या. मुलींच्या बाबतीत आईबाप तयार होतात. मुलगे मात्र बैलांमागे आणि वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायला हवे असतात, म्हणून त्यांच्या घरी दोनदा जावे लागेल.

आणि १९२ दिवस हजर राहिलेल्या मुलाचे याच आठवड्यात पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते, पण त्याची वाट न पाहता त्याला ग्रामीण रुग्णालयात नेऊन डोळे आणि कान तपासून घ्या. तोवर गुरुजींना सांगून त्याला पहिल्या रांगेत, खिडकीच्या बाजूला नव्हे तर फळ्याच्या अगदी समोर बसवा, आणि तो फळ्यावरून उतरवतो की शेजाऱ्याच्या पाटीवरून, एवढे दोन दिवस पाहून मला कळवा.